आक्काच्या नवसाचे केस

"मागून बघितलं की वाटतं, घरात कुणी पाहुणी आलीय आणि तिला चहा विचारायचा राहिलाय," असं माझी बायको सुनंदा गेली दोन वर्षं म्हणत होती. तिचं फारसं चुकत नव्हतं. साठी ओलांडलेला, वीज खात्यातून निवृत्त झालेला मी, आणि माझे पांढरेशुभ्र केस खांद्याच्या खाली आलेले. नाशिकच्या आमच्या कॉलनीत मला ओळखणारे लोक आधी दचकत, मग हसत, आणि मग हळूच विचारत, "काही मनाला लावून घेतलंय का?"

मनाला मी काही लावून घेतलं नव्हतं. लावून घेतलं होतं आक्कानं. आक्का माझी थोरली बहीण. आटपाडीजवळच्या आमच्या वाडीत राहते. आई दिवसभर मेंढरांमागे, त्यामुळे मला आक्कानंच कडेवर वाढवलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत मी दवाखान्यात नळ्या लावून पडलो होतो आणि डॉक्टरांनी सुनंदाला "नातेवाइकांना कळवून ठेवा" असं सांगितलं होतं. तिनं आक्काला फोन केला. आक्का फोनवर रडली नाही. उठली ती थेट बिरोबाच्या देवळात जाऊन बसली आणि देवाला बोलली, माझा भाऊ परत दे, त्याच्या डोईचे केस तुझ्या पायाशी वाहीन. मी बरा झालो. डॉक्टरांनी आपलं श्रेय बिलात घेतलं. बिरोबाचं श्रेय आक्कानं फोनवर मागितलं, "केसाला कातर लावू नगंस. मी सांगंन तवा यायचं."

देवाच्या कोपानं ट्रान्सफॉर्मर जळत नाही, हे लोकांना समजावण्यात माझी सगळी नोकरी गेली. पण आक्काच्या शब्दापुढं माझं शिक्षण कधी चाललेलं नाही. मी केस वाढवले. आधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग घराचं बांधकाम निघालं, मग आमच्या मुलीचं बाळंतपण. नवस फेडायचं लांबत गेलं आणि केसही. यात एकच गोष्ट कुणी धरून चाललेली नव्हती, ती म्हणजे मला ते आवडू लागले. न्हाऊन गच्चीवर उन्हात बसावं, वाऱ्यानं ते गालावर यावेत, आपण ते मागं सारावेत. जन्मभर साहेब लोकांसमोर बारीक कापलेल्या डोक्यानं उभा राहिलेल्या माणसाला हे सुख काय असतं ते सांगून कळायचं नाही.

गेल्या माघात आक्काचा निरोप आला, "येत्या आयतवारी ये." मी पिशवी भरली. मनात एक चोर होता. आक्का केस बघेल आणि म्हणेल, राहू दे रं, शोभत्यात. सुनंदाला हे बोललो नव्हतो, पण माझ्या पिशवीत डोकावून ती म्हणाली, "कंगवा कशाला घेताय? येताना लागणार नाही." मी तो तरीही घेतला.

कोरेगाव

सरळ वाडीला जायचं सोडून मी वाटेत कोरेगावला उतरलो, कारण तिथं हणमंत आहे. साताऱ्याच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत तीन वर्षं काढली. तेव्हा कानावर केस आणि रुंद कल्ले यांची फॅशन होती, आणि अख्ख्या वसतिगृहात सगळ्यात लांब केस हणमंताचे. तो आरशापुढून हलायचा नाही म्हणून आम्ही बाकीचे दाढ्या अंदाजानं करायचो. पुढं तो फौजेत गेला, सुभेदार होऊन परतला. आता डोक्यावर त्याच्या औषधालाही केस नाही.

दारात मला बघून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"गड्या, हे काय रं? सन्यास घेतलास का नाटकात काम धरलंस?"

"नवस आहे आक्काचा."

"मग ठीक हाय. ये आत. आगं, बघ कोन आलंय! भ्यायचं कारन न्हाई, बापय मानूस हाय!"

त्याच्या बायकोनं वाघ्या घेवड्याची आमटी केली होती. त्या घेवड्याला कोरेगावच्या मातीत जी चव येते ती नाशिकला पोतंभर नेलं तरी येत नाही. मी नेऊन बघितलेलं आहे. ज्वारीची भाकरी, आमटी, वर कच्चं तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी. जेवताना हणमंत सारखा माझ्या डोक्याकडं बघत होता. मी समजलो, चेष्टा अजून संपलेली नाही. पण जेवण झाल्यावर आम्ही मागच्या परड्यात खाटेवर बसलो तेव्हा तो वेगळंच बोलायला लागला.

"भरती झालो त्याच दिशी काढलं रं माझं केस. लायनीत बसवलं. खाली फरशीवर समद्यांचं केस एकात एक मिसळलेलं. माझं कुठलं ते बी कळंना. मग एक जन आला आन झाडून घिऊन गेला. मी म्हनलं, गेला हणमंत साताऱ्याचा."

मला हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. पत्रांमधून तो फक्त बर्फ, राशन आणि बढत्या कळवायचा.

"आन पुढं वर पोस्टिंगला एक सरदार हुता माझ्यासंगं," तो म्हणाला. "बंकरात पानी गोठायचं, बर्फ वितळवून प्यायचो आमी. पन ह्यो गडी रोज पगडी सोडायचा, केस इंचरायचा, जुडा बांधायचा. बोटं काळीनिळी पडायची थंडीनं. मी एकदा म्हनलं, सरदारजी, छोडो यार, कौन देखता है इधर? तर म्हनला, जिसका है वो देखता है. तवापास्नं मी केसावरनं कुनाची चेष्टा केली न्हाई."

"मग मघाशी केलीस ती?"

"तू कुनी हायस व्हय? तू शिवराम हायस," असं म्हणून त्यानं माझ्या पाठीत एक ठेवून दिली.

निघताना स्टेशनवर त्यानं एक विचित्र गोष्ट केली. गाडी दिसायला लागली तसं आजूबाजूला बघून तो म्हणाला, "जरा हात लावू का रं?" आणि माझे केस हातात घेऊन त्यानं वजन केल्यासारखे तोलले. मग माझी पिशवी डब्यात चढवून दिली. गाडीत बसल्यावर मला वसतिगृहातली ती खोली आठवत राहिली, खिडकीला टांगलेला तडा गेलेला आरसा, आणि त्यापुढं केसांना खोबरेल लावून भांग पाडणारा हणमंत. आमच्यात देखणा तोच होता.

सांगलीजवळ, नदीकाठी

सांगलीपासून जवळच, कृष्णेच्या काठी भूपालचं गाव आहे. भूपाल नोकरीत माझ्याबरोबर होता, आता घरचा ऊस बघतो. घर जैनांचं. कांदा, लसूण, बटाटा उंबऱ्याच्या आत येत नाही आणि दिवस मावळायच्या आत ताटं उचलली जातात. मी पोचलो तेव्हा गावात मांडव पडला होता. एक दिगंबर मुनी विहार करत आले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा केशलोच होता.

केशलोच हा शब्द मी ऐकला होता, पाहिला नव्हता. मुनी वस्तरा वापरत नाहीत, कात्री वापरत नाहीत. डोक्याचे आणि दाढीचे केस हातानं उपटून काढतात. बोटं सटकू नयेत म्हणून जवळ राख घेऊन बसतात. मांडवात हजारभर तरी माणूस असेल. बायका भजन म्हणत होत्या. महाराजांनी राखेत बोटं बुडवली आणि पहिला झुपका ओढला. त्याचा आवाज भजनातूनही ऐकू आला असं मला वाटलं. खरं तर मी लांब बसलो होतो. कानामागं रक्ताचे ठिपके दिसायला लागले. त्यांचा चेहरा मात्र जसाच्या तसा. माझ्या शेजारच्या म्हातारीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तासाभरानं डोकं स्वच्छ झालं, आणि मला कळलं की इतका वेळ मी माझं स्वतःचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसलो होतो.

"वस्तरा का नको?" मी भूपालला विचारलं.

"वस्तरा मागायचा म्हंजी कुनाफुडं तरी हात पसरायचा. आन वाढवायचं म्हटलं तर त्याल आलं, फणी आली, निगा आली. निगा आली की जीव अडकला. म्हून दोन्ही न्हाई."

मला पिशवीतला कंगवा आठवला.

केशलोचाच्या दिवशी मुनींना कडक उपवास असतो, पाणीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी एकदाच आहार. तो कुणाच्या घरी होईल हे आधी ठरत नाही. घरोघरी माणसं सोवळ्यात कलश घेऊन दारात उभी राहतात आणि महाराज ज्या दारी थांबतील त्या घराचं भाग्य. भूपालच्या आईची फार इच्छा होती. तिला सगळं गाव अव्वा म्हणतं. तो शब्द पलीकडच्या कानडी मुलखातला. संध्याकाळी अव्वा माझ्यासमोर येऊन बसली.

"आवं पावनं, राग मानू नगा. तुमचं केस लय देखनं हायती. पन उद्या सकाळी ते माझ्या सैपाकघराच्या आसपास नगंत."

मला काही समजेना. मग भूपालनं सांगितलं. मुनी ओंजळीत घेऊन जेवतात. घासात एक केस जरी आला तरी तो अंतराय. ते तिथंच ओंजळ सोडून देतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नपाणी नाही. आज केस उपटून उपाशी राहिलेला माणूस उद्या माझ्या डोक्यावरच्या एका केसापायी पुन्हा उपाशी राहिला असता, आणि अव्वा ते जन्मभर विसरली नसती.

सकाळी उजाडायच्या आत मी डोक्याला पंचा आवळून बांधला आणि त्यांच्या उसाच्या फडाकडं निघून गेलो. माझ्यामागं सुनांनी माझी खोली, अंगण, पायरी ओल्या फडक्यानं पुसून घेतल्याचं मला नंतर कळलं. फडात तोड चालू होती. तोडणाऱ्या बायकांनी मला पंच्यात बघून आपसात विचारविनिमय केला आणि शेवटी एकीनं विचारलं, "सरदारजी, ऊस खाता?" मी मराठीत हो म्हणालो तशी ती हसून हसून खाली बसली. बांधावर बसून मी ऊस सोलत होतो आणि जीव मात्र गावात अडकला होता. आपण देवधर्मातले नाही, महाराज आपले कुणी नाहीत, पण ते जेवले का, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना.

बऱ्याच वेळानं भूपाल मोटरसायकल उडवत आला. लांबूनच ओरडला, "आमच्याच दारी थांबलं! निर्विघ्न झालं! चला जेवायला!"

अव्वाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी एखाद्या लग्नातसुद्धा पाहिलेला नाही. तिनं मला स्वतः वाढलं. घेवड्याची भाजी, ताजं ताक, भाकरी आणि तिच्यावर तूप-गूळ. जेवता जेवता माझी सगळी हकिगत तिनं काढून घेतली. मग म्हणाली, "भैनीनं मागितल्यालं हाय. दिऊन टाकायचं. पन तुमाला आवडाय लागल्यात, व्हय न्हवं?"

"कशावरून?"

"मगाधरनं बघत्ये. घास कमी आन हात केसात जास्त." मी हात खाली घेतला.

विटा ते आटपाडी

एसटी विट्यापर्यंत हिरव्या मुलखातून जाते. पुढं भिवघाट उतरला की माझा मुलूख सुरू होतो. मोकळी माळरानं, बाभळी, दगडी बांध. आता कालव्याचं पाणी आलंय आणि जागोजाग डाळिंबाच्या बागा दिसतात, पण मधल्या माळावर अजून मेंढरं दिसली की मी खिडकीतून ती मोजायला लागतो.

गाडीत गर्दी होती. एक बाई मला बघून ताडकन उठली. "बसा म्हाराज." मी नको नको म्हणेपर्यंत तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलंसुद्धा. "म्हाराज, रानात बोर मारावी का न्हाई? दोन येळा कोरडी गेली."

"अहो बाई, मी महाराज नाही. मी वीज खात्यात होतो."

तिचा चेहरा पडायच्या ऐवजी उजळला. "म्हंजी तुमाला मोटारीचं कळतंय? आवं, हिरीवरची मोटार सारकी जळतीया!" मग विट्यापासून भिवघाटापर्यंत मी व्होल्टेज, कपॅसिटर आणि वायरिंग यांवर प्रवचन केलं. सगळी गाडी कान देऊन ऐकत होती. बिनकेसांचा असताना नोकरीत माझं इतकं कुणी ऐकलेलं नव्हतं. उतरताना तिनं दोन डाळिंबं माझ्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा पाया पडली, ती मात्र कशासाठी ते मला ठरवता आलं नाही.

मागच्या बाकावर एक म्हातारा धनगर बसला होता. त्याच्या पटक्याखाली जटांची गुंडाळी दिसत होती. गाडी निम्मी रिकामी झाल्यावर त्यानं विचारलं, "कंच्या द्येवाचं?"

"बिरोबाचे," मी म्हणालो. त्यानं मान हलवली आणि घोंगडी ओढून मला शेजारी जागा केली. आटपाडीपर्यंत आम्ही एकाच घोंगडीवर बसून गेलो.

वाडी

धुळीनं डोकं भरलं होतं म्हणून वाडीच्या अलीकडं पाण्याच्या हौदावर मी केस धुतले आणि तसेच ओले, मोकळे सोडून घराकडं चाललो. ऊन कलत आलं होतं. आक्का अंगणात सुपात मटकी निवडत बसली होती. माझी सावली सुपावर पडली तशी तिनं वर बघितलं. सूप मांडीवरून घसरलं आणि मटकी सगळीकडं सांडली.

"दादा?" ती म्हणाली.

दादा म्हणजे आमचे वडील. मी रांगत होतो तेव्हाच ते गेले. त्यांचा एकही फोटो नाही. लहानपणी मी आक्काला विचारायचो, दादा कसे होते? आणि ती म्हणायची, "केस लांब हुतं." त्यापुढं तिला बोलता यायचं नाही. त्यामुळे माझ्या लेखी वडील म्हणजे नुसते लांब केस होते, त्यांना चेहरा नव्हता.

आक्काचा मुलगा सदा गोठ्यातून बाहेर आला, "मामा आलं!" म्हणाला, तशी ती भानावर आली आणि हसली. "डोळं गेलं रं माझं." मटकी वेचायला मी खाली बसलो. ती वेचेना. माझ्याकडं बघत राहिली.

संध्याकाळी तिनं माझ्यापुढं काशाची वाटी ठेवली. दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी आणि शेजारी फोडलेला कांदा. मी दूध-भाकरी खात नाही हे तिला जन्मापासून माहीत आहे. सदाची बायको काही बोलणार होती, मी तिला डोळ्यांनी गप्प केलं आणि वाटी संपवली. आक्का समोर बसून शेवटच्या घासापर्यंत बघत होती.

शनिवारी दुपार टळल्यावर तिनं मला ओसरीवर बसवलं आणि तेलाची वाटी घेऊन मागं बसली. तिची बोटं केसांत शिरली तसं माझं सगळं अंग सैल झालं. इतक्या वर्षांत माझ्या डोक्याला असा हात कुणी लावला नव्हता.

"द्येवासाठी राखलं हुतं त्यानं केस," ती आपणहून बोलायला लागली. "कवा कातर न्हाई लावली. दर आयतवारी मी त्याल लावायची. लय कमी बोलायचा दादा. पन केसाला हात लावला की बोलाय लागायचा. चारा कुठं हाय, कंची मेंढी गाभन हाय, समदं मला सांगायचा. मी एवढीशी प्वार. मला काय कळतंय? पन मलाच सांगायचा."

मी हललो नाही. हललो तर ती थांबेल असं वाटलं.

"मेंढरं घिऊन खाली नदीकडं निघाला तवाबी मीच केस बांधून दिलं. तिकडं ताप आला. तिकडंच जाळला. मानसं आली ती नुसती मेंढरं घिऊन आली. मला त्यो मेल्याला दिसलाच न्हाई रं. म्हून काल तू हुबा ऱ्हायलास तवा मला वाटलं, आला की. वाट चुकला हुता, आला."

तिनं केसांचा अंबाडा बांधला, सोडला, परत बांधला. बाहेर सदाची मेंढरं माळावरून परतत होती, त्यांच्या गळ्यातल्या घंट्यांचा आवाज येत होता. नाशिकहून निघताना मनात जो चोर होता तो आता मला नकोसा झाला. केस माझ्या हौसेपायी राहावेत असं वाटणं वेगळं होतं. आता ते तिच्यापायी राहावेत असं वाटत होतं, आणि हे दुखणं त्याहून मोठं होतं.

"आक्का," मी म्हणालो, "नको काढूया. राहू दे. मी वरचेवर येत जाईन."

तेलाचा हात पदराला पुसून ती चुलीकडं गेली.

रविवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. बिरोबाचं देऊळ लहान आहे. पुढं लिंबाचं झाड आणि त्याखाली दगडी पार. भंडाऱ्यानं पायऱ्या पिवळ्या झालेल्या. पुजारी म्हणजे नामा. तो आक्काच्या बरोबरीचा, लहानपणी दोघांनी दादांची करडं एकत्र राखलेली. दत्तू न्हावी पाण्याची वाटी घेऊन पारावर बसला होता. मला बघून नामाचा हात भंडाऱ्याच्या ताटातच थांबला.

"आयला," तो म्हणाला. "म्हातारे, ह्यो तर..."

"व्हय," आक्का म्हणाली.

नामानं माझ्या कपाळाला भंडारा लावला, मग रीत सांगायला सुरुवात केली. "नवसाचं केस, म्हंजी जावळच झालं. मामाच्या मांडीवर बसवाया लागतं. मामा कुठाय?"

आमचे मामा जाऊन किती वर्षं झाली हे नामालाही माहीत होतं, पण रीत म्हणून विचारणं भाग होतं. सदा म्हणाला, "मामा, माझ्या मांडीवर बसा, एका भाच्याचा तरी उपेग हू द्या." सगळे हसले. आक्का हसली नाही. ती पारावर बसली, ऑपरेशन झालेला गुडघा हातानं धरून तिनं हळूहळू पाय लांब केला आणि मांडीवर थाप मारली. "हितं ठेव डोकं."

मी तिच्या पुढ्यात बसलो आणि तिच्या मांडीवर डोकं टेकवलं. लुगड्याला चुलीचा आणि मेंढरांचा वास होता, तोच, माझ्या लहानपणाचा. तिनं माझा अंबाडा सोडला आणि केस मांडीभर पसरले. दत्तूनं वस्तरा पाजळला. तेव्हा नामा पुढं झाला आणि आक्काच्या कानाशी वाकला, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "म्हातारे, पाच बटा कापल्या तरी द्येवाला पावतंय. मी हाय न्हवं? बाकीचं ऱ्हाऊ दे. दादावानी दिसतंय."

मी डोळे वर करून आक्काकडं बघितलं. तिला ते हवं होतं. तिच्या तोंडावर ते इतकं उघड दिसत होतं की मला तिच्याकडं बघवेना. पाच बटा, आणि दर रविवारी नाही तरी दर महिन्याला दादा अंगणात आले असते, दूध-भाकरी खाल्ली असती, ओसरीवर बसून तिच्याकडून तेल लावून घेतलं असतं. तिनं माझे केस दोन्ही मुठींत घट्ट धरले होते. दत्तू थांबला. नामा थांबला.

"न्हाई," आक्का म्हणाली. "मी मागितला तवा द्येवानं मला ह्यो निम्मा न्हाई दिला. समदा दिला. काढ रं दत्तू."

आणि तिनं मुठी सोडल्या.

पाणी लागलं, मग वस्तरा. केस तिच्या मांडीवर, पारावर पडत गेले. तिनं डोळे मिटून घेतले होते, पण माझं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि दत्तू म्हणेल तसं ते वळवून देत होती. मला एकच भीती वाटत होती, की डोळे उघडून ती माझ्या तोंडाकडं बघेल, तिथं दादा दिसणार नाहीत, आणि इतक्या वर्षांनी आज ते तिच्या मांडीवर मेलेले असतील.

दत्तूनं वस्तरा पुसला. आक्कानं डोळे उघडले. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग तिनं माझ्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवला, मागं, कानापाशी, पुन्हा वरती, आणि पदरानं माझं तोंड पुसत म्हणाली,

"शिवा, आलास व्हय रं?"